तलावात मीठ आणि सालमनची साक्ष

पूर्व विदर्भातल्या मत्स्यपालकांच्या मोबाइलवर गेली काही वर्षे एक सल्ला फिरतो आहे. मासे खात नाहीत, वाढत नाहीत? तलावात मीठ टाका. सल्ला तसा जुनाच आहे, पण आता त्याला साक्षीदार मिळाला आहे. परदेशात सालमनच्या पिलांवर प्रयोग झाले, किंचित खाऱ्या पाण्यात ती जास्त खाऊ लागली, भराभर वाढली. मग रोहू-कटल्यानेच काय घोडे मारले, असा हा युक्तिवाद. झाडीपट्टीच्या तलावांत सालमन कधी पोहला नाही आणि पोहणारही नाही. पण त्याच्या नावावर सिंदेवाहीपासून चामोर्शीपर्यंत मिठाची पोती खपू शकतात, कारण विज्ञानाचा टिळा लावलेल्या सल्ल्याला सहसा कुणी उलटा प्रश्न विचारत नाही.

तो प्रश्न विचारायचा आहे. माझे म्हणणे असे की, ज्यांनी ही साक्ष काढली त्यांनी ती अर्धीच वाचली. सालमनवरचे संशोधन शेवटपर्यंत वाचले तर ते आपल्या तलावांपुरते मिठाच्या विरोधातच जाते.

आधी प्रतिपक्षाचा मुद्दा त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो, कारण तो अगदीच पोकळ नाही. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम क्षार म्हणजे एक पीपीटी. या मापाने समुद्र ३५च्या आसपास, माशाचे रक्त १० ते १२च्या आसपास आणि पावसाने भरलेला आपला तलाव जेमतेम ०.१ ते ०.३. गोड्या पाण्यातल्या माशाचे अंग बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारे असते, त्यामुळे कल्ल्यांवाटे पाणी सारखे आत शिरते आणि क्षार बाहेर झिरपतात. मासा ते पाणी पातळ लघवीवाटे अखंड बाहेर टाकतो आणि गेलेले क्षार कल्ल्यांतल्या खास पेशींकरवी पाण्यातून पुन्हा ओढून घेतो. दिवसरात्र चालणाऱ्या या उपशाला ऊर्जा लागते, ती खाद्यातून येते. बाहेरचे पाणी रक्ताइतके खारे केले तर उपसा थांबेल, ऊर्जा वाचेल आणि वाचलेली अंगी लागेल. कागदावर हिशेब बिनचूक आहे. फ्रान्सच्या बफ आणि पायान यांनी २००१मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा जो आढावा घेतला त्यातही अनेक जातींची वाढ ८ ते २० पीपीटीच्या मधल्या पट्ट्यात बरी होते, असे नोंदवलेले आहे. मीठवाले इथपर्यंत वाचतात आणि पुस्तक मिटतात.

त्याच आढाव्यात पुढे बरेच आहे. क्षारांचा तोल राखायला माशाची २० ते ५० टक्के ऊर्जा खर्च होते, असे जुने आकडे होते. नंतरच्या काटेकोर मोजणीत हा खर्च १० टक्क्यांच्या आसपास उतरला. बचतच एवढीशी असेल तर सगळ्या वाढीचे श्रेय तिला देता येत नाही. क्षारता बदलली की भूक बदलते, पचन बदलते, संप्रेरके बदलतात आणि प्रत्येक जातीत ती वेगळ्या रीतीने बदलतात. म्हणजे हा नियम सगळ्या माशांना एकाच मापाने लागू करायची सोय त्यात नाही.

आता खुद्द साक्षीदाराकडे वळू. सालमन नदीच्या वरच्या अंगाला, थंड वाहत्या पाण्यात, गोट्यांच्या सांदीत अंडी घालतो. पिले तिथेच एक ते तीन-चार वर्षे काढतात. या वयात त्यांच्या कुशीवर बोटांचे ठसे उमटल्यासारखे गडद पट्टे असतात. ही अवस्था म्हणजे पार. मग एखाद्या वसंतात दिवस लांबू लागतो, पाणी उबदार होते आणि पिलाच्या अंगात उलथापालथ सुरू होते. पट्टे जाऊन अंग रुपेरी होते. कॉर्टिसोल आणि वाढीचे संप्रेरक चढतात. कल्ल्यांतले जे पंप आजवर पाण्यातून क्षार आत ओढत होते त्यांची जागा क्षार बाहेर फेकणारे पंप घेतात. शास्त्रज्ञांना या पंपाची गोड्या पाण्यातली आणि खाऱ्या पाण्यातली अशी दोन वेगळी रूपेच सापडली आहेत. एवढी तयारी झाली की तो स्मोल्ट, समुद्राला लायक.

ही तयारी होण्याआधी पिलू खाऱ्या पाण्यात टाकले तर काय होते, हेही सालमनपालकांनी नुकसान सोसून पाहिले आहे. रक्तातले क्षार चढतात, अंगातले पाणी ओढले जाते, पिलू खाद्याला तोंड लावत नाही. काही मरतात. जगलेल्यांतली काही महिनोन्महिने खुरटीच राहतात. बरोबरीची पिले किलोवर गेली तरी ही बोटभरच. चांगला तयार झालेला स्मोल्टसुद्धा एकदम समुद्रात सोडला तर पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, धड खात नाही. आणि उशीर केला, तयार पिलाला गोड्या पाण्यातच अडवून ठेवले, तर तयारी उलटते आणि समुद्राची संधी हुकते. सालमनपालकाचा सगळा जीव या एका खिडकीत अडकलेला असतो.

नॉर्वेतल्या ज्या प्रयोगाचा हवाला सगळ्यांत जास्त दिला जातो तो २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. तेच पाणी गाळून पुन्हा वापरणाऱ्या बंदिस्त टाक्यांत १२, २२ आणि ३२ पीपीटीला सालमन वाढवले आणि १२ला ते सरस ठरले. खरे आहे. पण ती सगळी पिले स्मोल्ट होऊन गेलेली होती. टाकी बंद, पाणी थंड, प्राणवायू यंत्राने, खाद्य मोजून. या चार गोष्टी जिथे हाताशी आहेत तिथे क्षारता हा पाचवा स्क्रू कसला जातो. नागभीडच्या तलावावर पहिल्या चारांपैकी एकही नसताना पाचवा कसायला निघणे याला आमच्याकडे आजार रेड्याला आणि औषध पखालीला असे म्हणतात.

रोहू, कटला, मृगळ यांच्या आयुष्यात स्मोल्ट होण्यासारखे काही घडतच नाही. ही गंगेच्या खोऱ्यातली नदीची माणसे. त्यांच्या अंगातले घड्याळ समुद्राकडे नाही, पुराकडे पाहते. वर्षातले सगळ्यांत गोडे, सगळ्यांत पातळ पाणी जेव्हा नदीत येते, तेव्हा ती विणीला येतात. साठवलेल्या पाण्यात ती वीत नाहीत म्हणून तर हिरालाल चौधरी यांना १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवून आणावी लागली. आज आपल्या बोड्यांत पडणारे जवळजवळ सगळे मत्स्यबीज त्या टोचणीची संतती आहे. त्यांची अंडीसुद्धा गोडे पाणी शोषून टपोरी होतात, खाऱ्यात ती नीट फुगत नाहीत. बोटुकली झाल्यावर हे मासे ३-४ पीपीटीपर्यंत फारसे न बिघडता तग धरतात, हे कबूल. किनाऱ्यालगतच्या निमखाऱ्या भागांत त्यांचे पालन होते ते त्यामुळेच. त्यापुढे खाणे आणि वाढ घसरू लागते, आठ-दहाच्या घरात मरतूक लागते. रक्ताची बरोबरी होते १० ते १२ला. ज्या आकड्यावर उपसा थांबायचा, त्याच्या आधीच कटला थांबतो. मग बचत कुणाच्या खात्यात जमा करायची?

हा झाला तत्त्वाचा भाग. तो कुणाला पटला नाही तरी चालेल, कारण साधी गुणाकाराची पाटीही हेच सांगते.

एक हेक्टरचा तलाव, सरासरी एक मीटर पाणी. हे झाले एक कोटी लिटर. त्यात एक पीपीटी क्षारता आणायची तर दहा टन मीठ हवे. सालमनच्या प्रयोगातला १२चा आकडा गाठायचा तर १२० टन, म्हणजे दहा टनी बारा ट्रक, एका हेक्टरला. गावचा तलाव पाच हेक्टरचा असला तर साठ ट्रक. पाळीवर एवढे ट्रक उभे करायला जागा तरी आहे का, हा वेगळाच प्रश्न. प्रत्यक्षात सल्ला असतो एकरी एखाद्या पोत्याचा. पन्नास किलोचे पोते एक एकराच्या मीटरभर पाण्यात विरघळले की लिटरमागे १२ मिलिग्रॅम होते, ०.०१२ पीपीटी. एका चांगल्या सरीने तलावाच्या पाण्यात याहून मोठा फरक पडतो. म्हणजे जेवढे मीठ परवडते त्याने माशाला काही कळत नाही, आणि ज्याने कळेल तेवढे टाकले तर तलाव संपतो. या दोन टोकांच्या मध्ये उपयोगी पडेल असे माप रोहू-कटल्यासाठी नाही.

तलाव संपतो हे मी उगाच मीठमिरची लावून सांगत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचे तलाव मत्स्यटाक्या नाहीत. गोंड राजवटीत आणि पुढे मालगुजारीत गावोगाव बांधले गेले, कोहळी समाजाने त्यात नाव काढले, १९५१मध्ये मालगुजारी गेली आणि ते सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. बांधले गेले ते धानासाठी. तुडूम, म्हणजे तलावाचे दार, उघडले की पाणी पाटाने बांध्यांत उतरते. धान हे क्षाराला फार हळवे पीक आहे: मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ३ डेसीसिमेन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पन्न उतरायला लागते, आणि रोपे तर त्याहूनही नाजूक. तलावात २-३ पीपीटी करून ते पाणी हंगामामागून हंगाम बांधीत सोडणे म्हणजे मासेमार ढिवराच्या माशासाठी कास्तकाराचे शेत नासवणे. गावात आधीच पाण्यावरून या दोघांची कुरबुर असते. मीठवाल्याने त्यात तेल ओतायची गरज नाही. शिवाय तलावात मासेच असतात असेही नाही. शिंगाडा असतो, कमळ असते, देवधान उगवते, त्यावर पाखरे उतरतात, काठावर गुरे पाणी पितात. आणि गडचिरोलीत वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. श्रावणात सांडवा वाहू लागला की तुमची पोती नाल्यात.

मग हा सल्ला आला कुठून? माझ्या समजुतीप्रमाणे बायोफ्लॉकच्या टाकीतून. दहा हजार लिटरच्या ताडपत्रीच्या टाकीत तिलापिया किंवा पंगस दाटीवाटीने वाढवताना सुरुवातीला हजार लिटरला किलोभर खडेमीठ टाकतात, त्याबरोबर गूळ आणि चुना. तिथे ते योग्य आहे, आणि कारणही वाढीचे नाही. दाटीच्या टाकीत माशांच्या विष्ठेतून अमोनिया आणि त्यापासून नायट्राइट साचते. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरले की रक्त चॉकलेटी पडते आणि प्राणवायू वाहून नेईनासे होते. मिठातले क्लोराइड कल्ल्यांच्या त्याच दारातून आत जाते, त्यामुळे दारात गर्दी होते आणि नायट्राइट बाहेर राहते. दहा हजार लिटरला दहा किलो मीठ, खर्च किरकोळ. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२०मध्ये आली, अनुदानावर टाक्या उभ्या राहिल्या, प्रशिक्षणे झाली आणि टाकीचा धडा तलावाच्या पाळीवर जाऊन बसला. मधल्या काळात लिटर, किलो आणि कारण, तिन्ही गळून पडले. उरले फक्त 'मीठ टाका'.

मिठाचे आणखीही खरे उपयोग आहेत आणि ते सांगितले नाहीत तर माझीच बाजू लंगडी पडेल. बीज सोडण्याआधी २-३ टक्के मिठाच्या पाण्यात ते थोडा वेळ बुडवले तर अंगावरचे बरेचसे परजीवी सुटतात. बंगाल, आंध्र किंवा छत्तीसगडहून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून बीज येते तेव्हा घाबरलेल्या पिलाच्या अंगातून क्षार वेगाने झिरपतात. वाहतुकीच्या पाण्यात थोडे मीठ असले की ही गळती कमी होते. या सगळ्यांत मीठ बादलीत, हौदात, पिशवीत असते. मोजून, थोड्या वेळापुरते.

आता मीटरवाल्यांबद्दल. टीडीएसचे पेनासारखे यंत्र हल्ली कुणाच्याही खिशात असते. ते पाण्यात बुडवायचे, आकडा वाचायचा आणि 'तुमच्या पाण्यात क्षार कमी' किंवा 'पाणी खारे, माशाला उत्तम' असा निकाल द्यायचा. हे यंत्र पाण्यातून वीज किती वाहते तेवढेच सांगते. ते क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यात कोळशाच्या खाणीतून उपसलेल्या पाण्यात आकडा मोठा दिसला तर तो बहुधा कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सल्फेटचा असतो. समुद्रात प्रामुख्याने सोडियम आणि क्लोराइड असते. आकडा सारखा आला म्हणून पाणी सारखे होत नाही. हरियाणा-पंजाबात जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर व्हेनामी कोळंबी वाढवणाऱ्यांनी हा धडा पैसे मोजून घेतला. क्षारता पुरेशी, तरी कोळंबी मरे. कारण त्या पाण्यात पोटॅशियम समुद्राच्या मानाने फार कमी होते. पोटॅश टाकल्यावर ती जगली.

विदर्भात खारे पाणी शोधायचेच असेल तर ते पश्चिमेला आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्यासाठी तळमळतो आहे. तिथल्या खाऱ्या विहिरींवर कुणी कोळंबीचा विचार केला तर त्यात निदान तर्क आहे. जे पाणी ना पिकाला ना माणसाला, त्याला काही काम मिळते. पण खारपाणपट्ट्याचा उतारा झाडीपट्टीला लावणे, म्हणजे ज्यांच्याकडे गोडे पाणी आहे त्यांना ते खारे करायला सांगणे, हे कोणत्या शहाणपणात बसते?

एका जिवाच्या बाबतीत मात्र क्षारतेचा प्रश्न आपल्या दोन्ही जिल्ह्यांना खराखुरा लागू आहे, आणि नेमका त्याच्यावर हे लोक बोलत नाहीत. तो म्हणजे मोठा गोड्या पाण्यातला झिंगा. तळ्यातले बारीक झिंगे आपली पिढी गोड्या पाण्यातच पुरी करतात. या मोठ्याचे तसे नाही. त्याची उलटी तऱ्हा आहे. मोठेपण गोड्या पाण्यात, बाळपण निमखाऱ्यात. अंडी पोटाशी घेतलेली मादी खाडीकडे उतरते, पिलांना पहिला महिनाभर साधारण १२ पीपीटी पाणी लागते, त्यात ती अकरा रूपे पालटतात आणि मग नदीने वर चढतात. मलेशियात पेनांगला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शाओ-वेन लिंग यांनी हे शोधले त्याची गोष्ट या क्षेत्रात सगळे हसत हसत सांगतात. गोड्या पाण्यात त्यांची पिले काही दिवसांतच मरत. खाद्य बदलून पाहिले, काही उपयोग नाही. शेवटी जेवणातला सोया सॉस थोडा टाकून पाहिला आणि पिले तरतरीत झाली. सॉसमध्ये होते काय? मीठ.

म्हणजे बघा, मिठाने जीव वाचल्याचे अस्सल उदाहरण हाताशी असताना मीठवाले ते सोडून सालमनकडे धावतात. कारण उघड आहे. झिंग्याचे उदाहरण घेतले तर वय सांगावे लागते. महिनाभराचे बाळ असताना १२ पीपीटी, त्यानंतर हळूहळू शून्याकडे. ते काम बीज केंद्रात होते, समुद्रापासून दूर कृत्रिम खारे पाणी तयार करूनही करता येते. तलावात पोती टाकून नाही. आरमोरी किंवा मूलच्या तलावात झिंग्याचे बीज सोडणाऱ्याने विक्रेत्याला विचारायला हवे ते एवढेच की हे बीज गोड्या पाण्याला किती दिवसांत सरावले आणि शेवटच्या दिवशी हौदातले पाणी किती पीपीटी होते. घाईने सरावलेले बीज तलावात सोडल्यावर काही तासांतच तळाला जाते आणि मग दोष तलावाच्या माथी.

नदीचीही हीच कथा आहे. गोदावरीतला नदीझिंगा समुद्राकडे आणि परत अशी ये-जा करणारा. सालमनचा खरा भारतीय भाऊबंद म्हणावा असा हिल्सा, आंध्रात ज्याला पुलसा म्हणतात, तोही त्याच नदीचा. ब्रिटिश अभियंते आर्थर कॉटन यांचा दवलेश्वरमचा बंधारा १८५२मध्ये पुरा झाला तेव्हाच खालून वर येणाऱ्यांची वाट अडली. त्यावर २०१९मध्ये सिरोंच्याशेजारी मेडीगड्ड्याचा बॅरेज आला. क्षारतेच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाणारे जीव प्राणहिता-गोदावरीच्या संगमापर्यंत का दिसत नाहीत याचे उत्तर त्या दरवाजांत आहे. त्यावर मोबाइलवर एकही चित्रफीत मला कुणी पाठवलेली नाही.

मग आपल्याकडे बोटुकली खात का नाही, वाढत का नाही? पहाटे पाळीवर जाऊन उभे राहा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ढगाळ दिवसांत, वारा पडलेला असताना, झुंजुमुंजू होता होता मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसतात. रात्रभर शेवाळ आणि गाळाने प्राणवायू खाल्लेला असतो. त्या दिवशी मासा कोंडा-ढेपीकडे बघत नाही. पाळणारा म्हणतो, खाणे सोडले. दुकानदार म्हणतो, मीठ टाका. ऊन चढते, शेवाळ पुन्हा प्राणवायू सोडू लागते, मासे दुपारी खातात आणि श्रेय पोत्याला. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५च्या वर गेल्यावर पाणी आटून क्षार थोडे दाट होतात, पण ०.२चे फार तर दुप्पट-तिप्पट होतील. माशाला तेव्हा मारते ती उष्णता आणि प्राणवायूची टंचाई.

दुसरी गोष्ट बीजाची. स्वस्त म्हणून जिरे किंवा अर्धबोटुकली घेऊन तलावात ओतायची आणि मरळ, शिंगाडा माशाने ती फस्त केल्यावर 'वाढ नाही' म्हणायचे. वाढ कुणाची व्हायची, पोटातल्याची? चार इंची बोटुकली हेक्टरी पाच हजार सोडली तर तिच्यातली बरीच जगते. लहान बोडी असेल तर आधी मोहाची ढेप. हेक्टरला मीटरभर पाणी असेल तर अडीच हजार किलो. तिच्यातल्या सॅपोनिनने भक्षक मासे वर येतात, ते विकता येतात, दोन-तीन आठवड्यांनी विष उतरते आणि तीच ढेप खत होते. मोह आपल्या जंगलाचा. मिठासारखा समुद्रावरून आणावा लागत नाही.

आणि तिसरी, जिच्यावर बोलायला सगळे कचरतात ती, पाण्याच्या मुदतीची. बीज पडते जुलै-ऑगस्टमध्ये. भारी धानाचे शेवटचे पाणी सुटते ऑक्टोबरात. गाळाने तलाव आधीच उथळ, काठाला बेशरम माजलेली. तुडूम उघडून पाणी सोडले की डिसेंबरात डबके उरते. कटल्याला वाढायला आठ-दहा महिने हवेत, मिळतात चार-पाच. या हिशेबात क्षारता कुठेच येत नाही, येतो तो अधिकार: तुडूम कधी बंद करायचे हे कोण ठरवणार. तलावाचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे, पाण्याचा ताबा सिंचनाकडे, गाळ काढण्याचा निधी तिसऱ्याकडे. वनहक्क कायदा २००६च्या कलम ३मध्ये पाणवठ्यांतले मासे आणि इतर उपज हा सामूहिक हक्कच म्हटला आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावांनी सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. त्या हक्कात बांबूबद्दल जेवढे बोलले गेले त्याच्या शतांशानेही तलावाबद्दल बोलले गेले नाही.

यावर एक नेहमीचे उत्तर येते: 'भाऊ, मीठ स्वस्त आहे, टाकलं तर बिघडलं कुठे?' बिघडते ते असे. एकरी पोते टाकून काही होत नाही, तेव्हा पुढच्या वर्षी दोन टाका म्हणतात, मग चुन्याबरोबर टाका, मग अमुक कंपनीचे क्षारमिश्रण घ्या. दरवर्षी वाढ खुंटण्याचे खापर ढिवराच्या डोक्यावर फुटते, की त्याने माप चुकवले. तुडूम, गाळ, बीजाची लांबी यांच्याकडे कुणी पाहत नाही, कारण त्या गोष्टी ज्यांच्या हातात आहेत ते मीठ विकत नाहीत आणि विकतही घेत नाहीत.

ज्यांना सालमनचा दाखला द्यायचाच आहे त्यांनी जरूर द्यावा. मग त्याच्या बरोबरीने सालमनपालक करतो तेही करावे. तो पिलू पाण्यात सोडण्याआधी त्याचे वय, वजन आणि कल्ल्यांची तयारी तपासतो. रक्तातले क्लोराइड मोजतो. पाण्याचा प्राणवायू तासातासाला नोंदवतो. यंदा जुलैत मत्स्यबीजाची गाडी गावात येईल तेव्हा पाळीवर एक पट्टी, एक थर्मामीटर आणि प्राणवायू मोजायचा संच असू द्या. पिशव्या वीस मिनिटे तलावात तरंगत ठेवा, मग तोंड उघडून तलावाचे पाणी ओंजळीओंजळीने आत घ्या. प्रत्येक खेपेतली वीस पिले मोजा, आणि तीन इंचांखालची निघाली तर गाडी परत पाठवा. तुडूम कोणत्या पातळीला बंद होईल हे ग्रामसभेने बीज येण्याआधी, कास्तकार आणि ढिवर दोघांना समोर बसवून, लिहून घ्यावे.